नमुन्याशी जुळवून

११ जानेवारी, शनिवार

सांध्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की नवीन औषध सुरू झाल्यावर काय काय होतं ते लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी वही घेऊन या. म्हणून येताना ही वही घेतली. पहिल्याच पानावर लिहून गेले की वहिनींना वस्तू जागेवर ठेवण्याचं वावडं आहे आणि दवाखान्याची फाइल सकाळी तांदळाच्या डब्यामागे सापडली. हे काय डॉक्टरांना दाखवायचं? त्यांच्यासाठी दुसरी वही आणली. ही माझी.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन सहा वर्षं झाली. त्यांची एकुलती एक मुलगी नोकरीला परगावी, आणि मी लग्नच केलं नाही. तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या या दोन खोल्यांत आम्ही दोघीच. दोघी एकाच कपड्यांच्या कारखान्यात, मी बटणखात्यात आणि त्या काजं करायला. सगळे आम्हाला काज-बटण म्हणतात. नणंद-भावजयीचं इतकं जमतं कसं असं नव्या मुली विचारतात, तेव्हा वहिनी म्हणतात, "जमतंय कुठं, अडकलंय."

दोन वर्षांपासून त्यांची बोटं सकाळी आखडतात. मुठी वळत नाहीत, फडकं पिळता येत नाही. पण तक्रार करतील तर त्या वहिनी कसल्या. दुखण्याच्या गोळ्या दाण्यांसारख्या खात होत्या. कारखान्यात प्रत्येकीच्या पर्समध्ये एक पट्टी असतेच. कुणाचं डोकं, कुणाची कंबर, कुणाची पाळी, आणि गोळी कुणाचीही कुणालाही. शेवटी मीच हाताला धरून नेलं.

हा संधिवात बायकांनाच जास्त होतो म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "आमच्या वाट्याला काहीतरी जास्त आलं म्हणायचं."

गोळ्या दोन. एक मुख्य औषध, ती आठवड्यातून एकदाच, रविवारी. दुसरी तिचा त्रास कमी करायला, ती रविवार सोडून रोज. "आठवड्यातून एकदाच" हे डॉक्टरांनी तीनदा सांगितलं आणि वहिनींकडून वदवून घेतलं. माझ्याकडून नाही, कारण मी लिहून घेत होते. एक छापील कागदही दिला. अक्षरं मुंगीएवढी. फाइलमध्ये लावला.

गोळ्या मी देणार. वहिनींच्या भरवशावर सोडलं तर औषध तांदळात जाईल.

१३ जानेवारी, सोमवार

काल पहिली गोळी झाली. आज दिवसभर त्यांना मळमळत होतं, पण कामावर आल्या. डॉक्टरांच्या वहीत लिहिलं: मळमळ, एक दिवस.

२५ जानेवारी, शनिवार

आज गोळ्यांची नीट व्यवस्था लावली. पट्ट्या, खोकी, अर्धवट फाटलेली वेष्टणं हे सगळं कपाटात बघून माझं डोकं उठतं. काचेच्या दोन बाटल्या आणल्या. सगळ्या गोळ्या फोडून बाटल्यांत भरल्या, खोकी केरात टाकली. एका बाटलीवर "रविवार", दुसरीवर "रोज". आणि चिठ्ठीशेजारी त्या त्या गोळीचा एक नमुना चिकटपट्टीनं लावला, बटणखात्यात लावतो तसा.

आमच्याकडे चारशे डबे आहेत आणि प्रत्येकावर आत असलेलं एक बटण लावलेलं आहे. पुड्यावर काय छापलंय ते आम्ही वाचतच नाही. बटणवाले एका पुड्यात दुसरा माल घालतात, हे एकदा महागात पडलंय. आमच्या खात्याच्या मास्टरांचा नियमच आहे, नाव वाचू नका, नमुन्याशी जुळवा. तीस वर्षं मी तेच करते आहे. मोतिया आणि सायीचा रंग या दोन बटणांतला फरक नुसत्या डोळ्यांनी सांगणारी तिथं मी एकटीच.

रविवारची गोळी फिकट पिवळी, जरा मोठी. रोजची गडद पिवळी, बारकी. वहिनी बाटल्यांकडे बघून म्हणाल्या, "आता मलाही एक बटण लावा कपाळाला, म्हणजे हरवायची नाही."

१७ फेब्रुवारी, सोमवार

रक्ताची तपासणी झाली. ठीक आहे. दर महिन्याला करायची आहे.

२ मार्च, रविवार

आज वहिनींनी स्वेटरची बटणं स्वतः लावली. वरपासून खालपर्यंत पाच. मी स्वयंपाकघरातून बघत होते, मुद्दाम पुढे गेले नाही. शेवटचं लागल्यावर त्यांनी हात उलटेसुलटे करून पाहिले, दुसऱ्याचे असावेत तसे. मग माझं लक्ष आहे हे कळल्यावर म्हणाल्या, "चौथं बटण सैल आहे. तुमच्या खात्याचं काम दिसतंय."

मला रडू आलं आणि मी कांदा चिरायला घेतला.

भाचीचा फोन आला. तिला सांगितलं. म्हणाली, "आत्या, तू आहेस म्हणून मी इथं सुखानं झोपते." वहिनींनी ऐकलं. त्यांना आवडलं असावं. मला तर फारच आवडलं, खोटं कशाला बोलू.

७ मार्च, शुक्रवार

दोन्ही गोळ्या आज संपल्या, कामावरून येताना नव्या आणल्या. औषधवाल्यानं या वेळी दुसऱ्याच कंपनीच्या दिल्या. "गोळी तीच, कंपनी वेगळी. जुना माल येत नाही." दोन्हीच्या दोन-दोन पट्ट्याच होत्या त्याच्याकडे, दहा-दहाच्या. रोजच्या आणखी लागतील त्या दोन आठवड्यांनी न्या म्हणाला.

घरी आल्यावर चारही पट्ट्या एका ताटलीत फोडल्या आणि वेष्टणं लगेच टाकून दिली, नाहीतर वहिनी ती जपून ठेवतात. मग एक एक गोळी नमुन्याशी जुळवून बाटलीत टाकली. फिकट मोठी रविवारच्या, गडद बारकी रोजच्या. वीस आणि वीस, बरोबर. दहा मिनिटांचं काम. कंपनी बदलली तरी रंग सोडला नाही, हे बरं केलं त्यांनी.

१२ मार्च, बुधवार

आज वाजलं आमचं. वहिनी सकाळी गोळी हातात घेऊन बसून राहिल्या. म्हणाल्या, "वन्सं, एक सांगू? या रविवारच्या गोळीनं काहीच केलं नाही. सोमवारी बरी होते मी. ही रोजचीच मळमळवते."

मी म्हटलं, कंपनी बदललीय, थोडं इकडेतिकडे होणारच.

"अदलाबदल नाही ना झाली?"

माझं डोकं फिरलं. तीस वर्षांत माझं एक बटण चुकलेलं नाही. ज्या बाईला स्वतःचा चष्मा कपाळावर असताना सापडत नाही, तिनं मला विचारावं? मी म्हटलं, "विश्वास नसेल तर उद्यापासून तुमचं तुम्ही बघा."

 वहिनींनी गोळी तोंडात टाकली, वर पाणी घेतलं आणि तोंड उघडून दाखवलं. "घ्या. गिळली."

दिवसभर मी बोलले नाही. डबा वेगळा खाल्ला.

१३ मार्च, गुरुवार

आजही अबोला. त्यांनी माझ्या डब्यात लोणचं घातलं होतं. मी खाल्लं, पण सांगितलं नाही.

१५ मार्च, शनिवार

वहिनींचं तोंड आलंय. जिभेखाली, गालाच्या आत, ओठावर. जेवण तिखट झालं होतं का? उष्णता असणार. कारखान्यातल्या तिघींनी तीन उपाय सांगितले, मी जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणून दिल्या. दूध-भात जेवल्या.

या आठवड्यात रक्त तपासायचं होतं. पण मोठी ऑर्डर आहे, रजा मिळत नाही. वहिनी म्हणाल्या, "बोटं चालतायत ना? मग कशाला सुया टोचायच्या." मीही ताणून धरलं नाही.

१८ मार्च, मंगळवार

रात्रीपासून ताप. घसा धरलाय. आज त्यांना घरीच ठेवलं. शेजारणीनं तापाची म्हणून दिलेली गोळी घेतली, आणि त्यांची स्वतःची रोजची मी देऊन निघाले. गिळताना डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. आजारात औषध चुकवायचं नसतं.

२० मार्च, गुरुवार

फणीवर केसांचा झुपका. दंडावर निळा डाग, कुठे लागल्याचं आठवत नाही म्हणतात. पाणीसुद्धा चमच्यानं पितात. उद्या अर्धी रजा घेऊन डॉक्टरांकडे नेईन. रोजच्या गोळ्याही संपत आल्यात, आठच उरतील. वाटेत त्याही घेते.

२१ मार्च, शुक्रवार

जे झालं ते क्रमानं लिहिते.

सकाळी वहिनींना गोळी दिली. आधी औषधवाल्याकडे गेले. रोजच्या बाटलीतली एक गोळी कागदात गुंडाळून नेली होती, नमुना म्हणून. मी कधीच नमुन्याशिवाय माल घेत नाही. त्याच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, या रोजच्या गोळ्या, आणखी द्या.

तो म्हणाला, "बाई, ही रोजची नाही. ही आठवड्याची."

मी म्हटलं, नीट बघा.

त्यानं खणातून दोन पट्ट्या काढून काचेवर ठेवल्या. या कंपनीची आठवड्याची गोळी गडद आणि बारकी. रोजची फिकट आणि मोठी. जुन्या कंपनीच्या बरोब्बर उलट. दोन्ही पट्ट्यांवर नाव छापलेलं होतं, ठळक. आठवड्याच्या पट्टीवर तर लाल चौकटीत लिहिलेलं होतं की रोज घेऊ नये. त्या चौकटीवरूनच माझ्या अंगठ्यानं गोळ्या फोडल्या होत्या.

"ही कुणी रोज घेत नाही ना?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. का म्हटलं ते माहीत नाही. तोंडातून तेच आलं.

घरापर्यंत धावत गेले. गाडी बोलावली, वहिनींना जिन्यावरून जवळजवळ उचलून आणलं. गाडीत त्यांना सांगितलं. दोन आठवड्यांपासून उलट्या गोळ्या दिल्या, माझ्या हातानं. तुम्ही विचारलं होतंत आणि मी तुमच्यावरच उखडले. त्या खिडकीला डोकं टेकून ऐकत होत्या. ओठांवर रक्ताची खपली होती. त्यांनी माझा हात धरला आणि फार कष्टानं म्हणाल्या, "तुम्ही काही बोलू नका. मी सांगते."

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. मी गोळी दाखवून सांगितलं, ही रोज गेली आहे, बारा गेल्या. त्यांनी मान वर केली. "बारा? नक्की?"

"मोजायची सवय आहे मला."

मग त्यांनी वहिनींना विचारलं, "गोळ्या कोण काढून देतं तुम्हाला?"

वहिनी म्हणाल्या, "मीच घेते. घोटाळा झाला माझा."

मी तिथंच उभी होते. डॉक्टरीणबाई लिहीत होत्या. आधी उपचार सुरू होऊ देत, मग सांगू, असं मला वाटलं. खरंच तसंच वाटलं.

२२ मार्च, शनिवार

उताऱ्याची इंजेक्शनं सुरू आहेत. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्यात. वेगळ्या खोलीत ठेवलंय, तोंडाला कापड बांधून एकेकीनं आत जायचं.

भाची पहाटेच्या गाडीनं आली. आईचं तोंड बघून आधी घाबरली आणि मग चिडली, अगदी तिच्या बापासारखी. दारातून मला ऐकू येत होतं. "आई, तीन-तीनदा सांगतात तुला, तरी कळत नाही? आत्या घरात आहे, तिला विचारता येत नव्हतं? कधी सुधारणार आहेस तू?"

वहिनी म्हणाल्या, "विसरले गं."

भाची बाहेर येऊन माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. हा हात कुणाचा आहे असं मला वाटत होतं.

२४ मार्च, सोमवार

फाइलमधला तो छापील कागद आज भिंग घेऊन वाचला. तोंड आलं, घसा दुखला, ताप आला किंवा अंगावर डाग दिसले तर गोळी ताबडतोब थांबवा आणि दवाखान्यात या. दुखण्याच्या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नका. दर महिन्याला रक्त तपासा. एकाखाली एक लिहिलेलं आहे. पंधरा तारखेला वाचला असता तर पुढच्या पाच गोळ्या तरी वाचल्या असत्या.

कधी औषधवाल्याचा राग येतो. कंपनी बदलली म्हणाला, रंग उलटा झाला म्हणाला नाही. कधी डॉक्टरांचा, कधी दोन्ही गोळ्या पिवळ्याच करणाऱ्यांचा. पाच मिनिटं राग टिकतो. मग फिरून त्या ताटलीपाशी येते. पट्ट्या वेगवेगळ्या फोडल्या असत्या तर. वेष्टण वाचलं असतं तर. अति शहाणपणा नडला, आणि नडला तो दुसऱ्याच्या जिवाला.

कोणी चुकलं हे सांगून इंजेक्शन थोडंच बदलणार आहे? बारा हा आकडा मी खरा सांगितला आहे.

२६ मार्च, बुधवार

ताप उतरत नाही. आज थोड्या शुद्धीवर होत्या. मी आत गेले आणि म्हटलं, वहिनी, मी आज पोरीला सांगते. तुम्हाला बोल लागतोय तो मला ऐकवत नाही.

त्यांनी मान हलवली. बोलायला फार वेळ लागत होता, मी कान ओठांशी नेला.

"तिला बाप नाही. मी चाललेच. एक माणूस उरू दे तिला."

मी म्हटलं, तुम्ही कुठे जात नाही.

"सांगितलंत तर तुम्हीही जाल," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "तुम्ही बारा वाजता जेवत जा. उपाशी राहिलात की चिडता."

त्यांना माझी काळजी वाटते म्हणून असं म्हणतात. मरणाच्या दारातही माझी अब्रू राखायला बघतात. मी त्यांना आयुष्यभर ढिसाळ म्हणत आले.

३० मार्च, रविवार

वहिनी काल सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी गेल्या.

६ एप्रिल, रविवार

माणसं येऊन जातायत. भाची प्रत्येकाला सांगते, कारण प्रत्येक जण विचारतो. "आठवड्याची गोळी रोज घेतली आईनं. लक्ष द्यायची नाही हो कशातच." ती रागानं सांगत नाही, रडत रडत सांगते. पण ऐकणारे मान हलवतात आणि जिना उतरेपर्यंत त्याची गोष्ट झालेली असते. काजं करणारी, जरा निष्काळजीच होती, स्वतःच्या हातानं गेली.

कारखान्यातल्या बायका आल्या होत्या. एकीनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "तुम्ही सख्ख्या बहिणीसारखं केलंत. तुमच्या हाती असतं तर असं झालं नसतं." दुसरी म्हणाली, आम्ही आता पर्समधल्या गोळ्या टाकून दिल्या. मास्टर म्हणाले, हवी तेवढी रजा घ्या.

मला ओरडावंसं वाटलं. पण मी चहाचे कप गोळा केले. चोवीस वर्षं काजं करणाऱ्या बाईच्या हातून एकही कपडा परत आला नव्हता, हेसुद्धा मी कुणाला सांगितलं नाही. सांगायला तोंड कुठे होतं.

मृत्यूच्या कागदावरही तसंच काहीतरी आहे. औषध चुकून जास्त घेतल्यामुळे. घेतल्यामुळे, असं लिहिलंय. दिल्यामुळे असं नाही.

९ एप्रिल, बुधवार

भाची मला घेऊन जायचं म्हणते. तिच्याकडे एक खोली रिकामी आहे, खिडकीशी. "इथं एकटी काय करशील? कारखाना सोड. मला तरी कोण आहे आता?" मी विचार करते म्हटलं.

खरं सांगायचं तर विचार करण्यासारखं काही नाही. मला जायचं आहे. या दोन खोल्यांत मला एकटीला राहायचं नाही. सकाळी उठले की दोन कप काढते, मग एक परत ठेवते. वहिनींनीच सांगितलंय, गप्प बसा. मेलेल्या माणसाचा शब्द पाळायला काय हरकत आहे? असं दिवसातून दहा वेळा मनाला समजावते. नाहीतरी पोरीचं दुःख वाढवून काय मिळणार. पण तिनं पुन्हा कुणापुढे "आई लक्ष द्यायची नाही" म्हटलं की मी हातातलं काम टाकून स्वयंपाकघरात जाते. वहिनींना मी एकदा मारलं, आणि आता रोज बसून त्यांचं नाव घालवते आहे.

१२ एप्रिल, शनिवार

भाची आज निघणार होती. सामान बांधून झालं होतं. मी पुढच्या महिन्यात मागून जायचं ठरलं होतं. कारखान्यात राजीनाम्याचं बोलले होते, बोळाच्या टोकाच्या घरमालकालाही.

जेवणं झाल्यावर ती माझ्याशेजारी येऊन बसली. पर्समधून तीन पट्ट्या काढल्या. थायरॉइडची गोळी, रक्त वाढायची, आणखी एक हाडांची. सहा महिन्यांपासून चालू आहेत म्हणाली, आईला काळजी नको म्हणून सांगितलं नव्हतं. थायरॉइडची उपाशीपोटी, रक्ताची तिच्यानंतर चार तासांनी, एकत्र घ्यायची नाही. तिचा रोज गोंधळ होतो, कधी दोन्ही एकदम घेते, कधी एकही नाही.

"मी आईवर गेलेय," ती म्हणाली. "तू येईपर्यंतचं मला लावून दे ना, आत्या. आणि तिकडे आलीस की सगळं तुझ्याच हाती." तिनं पट्ट्या माझ्या हातात ठेवल्या.

मी त्या उलट्या करून नावं वाचली. तिन्ही नावं, मोठ्यानं. मग म्हटलं, "तू आईवर गेलेली नाहीस. आणि तुझ्या आईनं काही चुकवलं नाही. गोळ्या मी देत होते."

तिला आधी कळलंच नाही. मी सगळं सांगितलं. बाटल्या, नमुना, ताटली, बदललेली कंपनी. आईनं बुधवारी विचारलं होतं आणि मी तिच्याशी दोन दिवस बोलले नव्हते, तेही. सांगताना माझा आवाज अगदी साधा होता, कारखान्यात मालाचा हिशेब द्यावा तसा. मला त्याची लाज वाटली, पण दुसरा आवाज निघत नव्हता.

 बाहेर कुणीतरी गादी झटकत होतं.

"आईला माहीत होतं?"

"हो. इस्पितळात जाताना गाडीतच सांगितलं मी."

"म्हणजे मी ओरडले तेव्हा तिला माहीत होतं."

"हो."

"आणि तू दाराशी होतीस."

मी हो म्हटलं.

"शेवटचं तेच बोलले मी तिच्याशी नीट," ती म्हणाली. "त्यानंतर ती शुद्धीत असायची तेव्हा तू आत असायचीस."

मला सांगायचं होतं की तुला एक माणूस उरावं म्हणून तिनं हे केलं. शब्द ओठांवर आले होते. पण ते सांगितलं असतं तर मी माझ्यासाठीच मागितल्यासारखं झालं असतं, म्हणून गिळले.

तिनं माझ्या हातातून पट्ट्या काढून घेतल्या. हळूच, एक एक करून, माझ्या बोटांना बोट न लावता. पर्समध्ये ठेवल्या, चेन लावली.

गाडी साडेचारची होती. ती दीड वाजताच निघाली.